गिरणगावाची जमीन सावरली, पण गिरणगाव? लोअर परळ, भिवंडी आणि वांगणी

धागाकर्ता: लालबागकर

मुंबईच्या गिरण्यांविषयी लिहिताना १८ जानेवारी १९८२ या तारखेपासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि काही वर्षांनी त्याच आवारांत मॉल, कार्यालये आणि टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, असा हा इतिहास सांगितला जातो. त्यामुळे परळचा ऱ्हास आणि परळची भरभराट या एकाच जागेच्या आणि एकाच समाजाच्या दोन अवस्था आहेत, असा वाचकाचा समज होतो. हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो, आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

गिरणगावात तीन गोष्टी एकत्र नांदत होत्या: कापडाचे उत्पादन, जमीन आणि माणसे. कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली, तेव्हापासून सव्वाशे वर्षे या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून होत्या. संपानंतर त्यांची फाटाफूट झाली. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, जमीन जागच्या जागी राहून सोन्याच्या भावाची झाली, आणि माणसांपैकी काही चाळींतच राहिली, काही कोकणात आणि घाटावर परतली, तर उरलेली डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. ज्याला आपण पुनरुज्जीवन म्हणतो, ते या तिघांपैकी फक्त जमिनीच्या वाट्याला आले.

संपाने गिरण्या मारल्या, हे विधानही तपासून घ्यायला हवे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकट्या मान्यताप्राप्त संघटनेला होता, त्यामुळे ज्यांच्यामागे कामगार उभे होते, त्या सामंतांशी बोलणी करायला मालक आणि सरकार दोघेही तयार नव्हते. पण त्याआधीच कित्येक मालकांनी यंत्रसामग्रीत पैसा घालणे थांबवले होते. आजारी गिरण्या १९७४ मध्ये केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या होत्या आणि १९८३ मध्ये मुंबईतल्या आणखी तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले. धंदा आजारी होता, पण त्याच्या पायाखालची सुमारे सहाशे एकर जमीन मात्र वर्षागणिक महाग होत होती. गिरणी चालवण्यापेक्षा ती बंद असलेली परवडते, हे गणित एकदा जमल्यावर धंदा वाचवण्याची निकड कुणाला वाटणार?

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ हा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. गिरणीची जमीन विकसित करायची असेल, तर ढोबळमानाने एक तृतीयांश जागा महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी ती वाटणी होती. काही मालकांनी मग संपूर्ण जमीन विकसित न करता आहे त्या इमारतींमध्येच फेरफार सुरू केले. फिनिक्स गिरणीत कामगारांच्या करमणुकीच्या नावाखाली बोलिंग ॲलीला परवानगी मिळाली, हे त्याचे ठळक उदाहरण. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचवला होता, तो बाजूला पडला. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ मोकळ्या जमिनीची करायची असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते तरी किती? शेड, गोदामे, चिमणी, बॉयलर यांनीच ते भरलेले असते. शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला येणारी जागा या एका फेरफारामुळे कमालीची घटली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जुन्या वाटणीच्या बाजूने कौल दिला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

एकच व्यवहार पाहा. लोअर परळची मुंबई टेक्स्टाईल मिल २००५ च्या लिलावात ७०२ कोटी रुपयांना गेली. सात वर्षांनी, २०१२ मध्ये, तीच जमीन दुसऱ्या विकासकाने २,७२७ कोटी रुपयांना घेतली. या सात वर्षांत त्या जागेवर एक वारही कापड विणले गेले नाही.

सदस्यांना विनंती आहे, की आपापल्या भागाविषयी लिहावे: कापडाचे काम कुठे गेले, जमिनीचे काय झाले आणि तिथली माणसे आज काय करतात.

प्रतिसाद: साचेवाल्याचा मुलगा

धागाकर्त्यांनी मांडलेली विभागणी आमच्या घराला तंतोतंत लागू पडते. माझे वडील काळाचौकीच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्यांचा एक भाऊ त्याच गिरणीत त्रासन (सूतकताई) खात्यात, तर दुसरा शेवटपर्यंत बदली कामगार, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तेव्हाच काम मिळणारा. आमच्या गावाची परळला एक गावकीची खोली होती. तिथे पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपायची, पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंथरूण टाकायचा. प्रत्येकाची ट्रंक भिंतीला लागून, आणि जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबावर. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठीच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले होते. गिरणगावाच्या अर्थव्यवस्थेत गिरणीच्या फाटकाबाहेर किती माणसे पोसली जात होती, हे त्यावरून कळावे.

संपाच्या पहिल्या पावसाळ्यात वडील गावी गेले. भाताची लावणी झाली, तरी संप मिटला नाही. ते परतले तेव्हा गिरणी अर्धीमुर्धी सुरू होती, पण त्यांना कामावर घेतले गेले नाही. पुढे थकीत देण्यांचा हिशेब झाला, त्यातले काही मिळाले, काही मिळाले नाही. त्या तपशिलात मी शिरत नाही.

नंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून लिहितो. लोअर परळला कार्यालये आली, तेव्हा आईने पोळी-भाजीचे डबे द्यायला सुरुवात केली. कार्यालयांत कामाला येणाऱ्या मुला-मुलींना घरचे जेवण हवे होते, आणि काही वर्षे तरी आमचे घर त्याच डब्यांवर चालले. नव्या परळमधून जुन्या परळला काहीच मिळाले नाही, असे मी म्हणणार नाही. पण पुढे त्याच इमारतींमध्ये कंत्राटी उपाहारगृहे आली, बाहेरचा डबा आत नेण्यावर फाटकावर चौकशी होऊ लागली, आणि डबे पाचावर आले. मिळकत होती, पण तिला ना तिकीट नंबर (कामगाराचा पटावरचा क्रमांक) होता, ना भविष्य निर्वाह निधी, ना ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) कार्ड. वडिलांच्या नोकरीत ही तिन्ही होती.

प्रतिसाद: परळ पूर्व

धाग्यातील तपशील बिनचूक आहेत, परंतु निष्कर्ष एकांगी वाटतो. जगातील कोणत्याही महानगराच्या मध्यभागी कापडगिरण्या टिकल्या नाहीत. इतक्या महाग जमिनीवर, इतक्या जुन्या यंत्रांवर सुती कापड विणत राहणे शक्यच नव्हते. आज लोअर परळ ते वरळी या पट्ट्यात बँका, जाहिरात संस्था, वृत्तवाहिन्या आणि रुग्णालयांमध्ये जेवढे लोक काम करतात, तेवढ्यांना त्या बंद शेडमध्ये रोजगार मिळाला असता का? कामगारांच्या पुढच्या पिढीतील कित्येक मुले शिकून याच कार्यालयांत लागली आहेत. मी त्यांपैकीच एक आहे. माझ्या आजोबांना फुप्फुसांचा जो आजार गिरणीतल्या कापसाच्या तुसाने दिला, तो मला नको होता.

मालकांनी नियमांचा गैरफायदा घेतला, यावर दुमत नाही. मात्र गिरण्या जायलाच हव्या होत्या, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

उपप्रतिसाद: लालबागकर

गिरण्या जशाच्या तशा टिकायला हव्या होत्या, असे माझे म्हणणे नाही, आणि आपल्या आजोबांच्या आजाराविषयी आपण लिहिले ते फार महत्त्वाचे आहे. तुसाने पोखरलेली छाती घेऊन निवृत्त झालेली माणसे आमच्याही चाळीत होती. वाद आहे तो जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला वाटा कुणाला मिळावा, याविषयी. ती किंमत मालकाने कष्ट करून वाढवलेली नव्हती. शहर वाढले, रेल्वे होती, रस्ते होते आणि तिथे राहून तो भाग वस्तीचा करणारी माणसे होती, म्हणून ती वाढली. १९९१ च्या नियमाने हे मान्य केले होते. २००१ च्या बदलाने ते नाकारले.

दुसरे असे, की शहराच्या वाट्याची जागा कापली गेल्याचा भुर्दंड कार्यालयांत काम करणाऱ्यांनाही पडला. गिरणीत तीन पाळ्या असत आणि कामगार पायी येत-जात. त्या जागी एकाच वेळी लोकलने येणारी प्रचंड गर्दी आली, पण स्थानके, पूल आणि रस्ते बराच काळ जवळपास गिरण्यांच्या काळचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसे चेंगरून मेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागून १४ जण गेले. या दोन्ही घटनांत बळी पडलेले अनेक जण नव्या परळच्या ओढीने तिथे आले होते. एका आवाराचा विकास दुसऱ्याकडे न पाहता केला की काय होते, ते यातून दिसते. कोरिया समितीचा आग्रह सगळ्या आवारांचा एकत्रित विचार करण्याचा होता, तो याचसाठी.

प्रतिसाद: भिवंडीकर

कापड भिवंडीला गेले, हे वाक्य मुंबईकर सहज लिहून जातात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

यंत्रमाग भिवंडीत संपाच्या कितीतरी आधीपासून होते. मोमीन-अन्सारी कुटुंबांचा तो पिढीजात धंदा. पुढे तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि उत्तर प्रदेशातून आलेले विणकर त्यात मिसळले. संपाच्या काळात अनेक गिरणीमालकांनी सूत भिवंडीला देऊन कापड विणून घेतले आणि त्यावर आपल्या गिरणीचा शिक्का मारून विकले. जागोजागी कारखाने उभे राहिले, पत्र्याच्या शेडमध्ये माग बसले, आणि भिवंडी वाढली. पण गिरणीत आठ तासांची पाळी होती, इथे बारा तासांची. तिथे मासिक पगार, रजा आणि निधी, इथे मीटरवर मजुरी. मागाच्या वर माळा, माळ्यावर झोपायची जागा, आणि खालच्या खडखडाटात दिवसपाळीच्या माणसाशी रात्रपाळीचा माणूस खुणांनीच बोलतो. मुंबईच्या कामगारांनी शंभर वर्षे लढून मिळवलेले बहुतेक सगळे या चाळीस किलोमीटरच्या प्रवासात गळून पडले. त्यामुळे उत्पादन भिवंडीला गेल्याने भिवंडी श्रीमंत झाली, असे कुणी समजू नये. कापड आले, पण गिरणी कामगाराचा दर्जा आला नाही.

आता भिवंडीचीही तीच गत होत आहे. सुताचे भाव स्थिर राहत नाहीत, विजेचे बिल परवडत नाही, सुरतेकडे वॉटरजेट आणि रॅपियर हे वेगवान आधुनिक माग आले आणि आमचे साधे माग त्यांच्यापुढे टिकेनात. २०१६ ची नोटबंदी आणि २०१७ चा जीएसटी हे दोन्ही फटके रोखीवर चालणाऱ्या या धंद्याला पाठोपाठ बसले. माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराने माग विकले तेव्हा मी तिथे होतो. भंगारवाल्याने ते सुटे करून वजनकाट्यावर घातले आणि बिडाचा भाव लावला. त्या मागांवर काम करणारे दोघे आझमगढला निघून गेले, एक रिक्षा चालवतो.

त्याच वेळी शहराच्या भोवतालच्या गावांत, माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडा या पट्ट्यात, गोदामांचे पेव फुटले. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि मुंबई-नाशिक महामार्गालगत असल्यामुळे गोदामे आधीही होती. जीएसटीनंतर प्रत्येक राज्यात करासाठी वेगळे गोदाम ठेवण्याची गरज संपली, कंपन्यांनी साठा मोठ्या गोदामांत एकवटला आणि ऑनलाइन खरेदीने त्यात भर घातली. आज मुंबईत सकाळी दारात येणारे खोके बहुधा रात्री आमच्याकडून निघालेले असते. ज्या आगरी कुटुंबांची शेती होती, त्यांपैकी काहींना गोदामाच्या भाड्याने चांगले दिवस आले, आणि मला त्याचा आनंद आहे. पण विणकराला गोदामात काय काम? हमाली किंवा खोकी बांधणे, तेही कंत्राटदाराकडे, हंगामात भरती आणि हंगाम संपला की घरी. तीस वर्षे माग चालवलेला साचेवाला आणि काल आलेला मुलगा तिथे एकाच दराने उभे राहतात.

दोन्ही धंदे ज्या इमारतींत राहतात, त्यांची अवस्था वेगळी सांगायला नको. सप्टेंबर २०२० मध्ये जिलानी इमारत कोसळली, एप्रिल २०२३ मध्ये वळपाड्याची, जिच्यात खाली गोदाम होते आणि वर माणसे राहत होती.

प्रतिसाद: ओल्डहॅमनिवासी

मी गेली अनेक वर्षे मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅम गावात राहतो. मुंबईच्या कित्येक गिरण्यांतील यंत्रांवर प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम अशी पाटी असे, त्यामुळे हा विषय मला दोन्ही टोकांनी जवळचा आहे. मँचेस्टर शहरात अँकोट्स भागातल्या जुन्या गिरण्यांच्या इमारती राखून त्यांत घरे आणि कार्यालये झाली आहेत, आणि तो भाग आज तरुणांनी गजबजलेला आहे. त्याच कापसावर वाढलेली ओल्डहॅम आणि रॉचडेल ही भोवतालची गावे मात्र फार मागे राहिली. १९६० च्या दशकात रात्रपाळीला माणसे मिळेनात, म्हणून पाकिस्तान आणि बांगलादेशातून (तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून) कामगार आणले गेले. गिरण्या गेल्यावर त्यांची मुले टॅक्सी आणि उपाहारगृहांकडे वळली. भिवंडीकरांचा प्रतिसाद वाचताना मला हीच गावे डोळ्यांसमोर येत होती. मध्यवर्ती शहर सावरते, कारण त्याच्याकडे कापसाखेरीज विद्यापीठ, रेल्वे आणि बँका असतात. भोवतालच्या गावाकडे गिरणीखेरीज काहीच नसते.

प्रतिसाद: मोहोने फाटक

कल्याणच्या पुढे आंबिवलीजवळ मोहोने येथे एनआरसी (नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन) हा रेयॉनचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा, मोठा कारखाना होता, तो २००९ मध्ये बंद पडला. वसाहत, शाळा, बाजार सगळे कारखान्याभोवती वसलेले. पुढची बरीच वर्षे कामगारांचा झगडा थकीत देण्यांसाठी चालला. लोअर परळच्या जमिनीला जो भाव आला, त्याच्या आशेवर इथे कुणी जगू शकत नव्हते, कारण इथे जमिनीला तो भाव नव्हता. उपनगराच्या टोकाला कारखाना बंद पडतो, तेव्हा त्याच्या बातम्या होत नाहीत, एवढेच नोंदवतो.

प्रतिसाद: साचेवाल्याचा मुलगा

घरांचा मुद्दा राहून गेला. बंद गिरणी कामगार संघर्ष समिती आणि दत्ता इस्वलकर यांच्या दीर्घ लढ्यामुळे म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याचे मान्य झाले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे होती, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. मार्च २०२० च्या सोडतीत बॉम्बे डाईंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४ घरे होती. अर्ज मात्र दीड लाखांहून अधिक. २००१ चा फेरफार झाला नसता, तर हे प्रमाण इतके भीषण दिसले नसते.

उरलेल्यांसाठी आता कर्जत मार्गावरची शेलू आणि वांगणी ही ठिकाणे पुढे केली जात आहेत. जुलै २०२५ मध्ये कामगार संघटनांनी आझाद मैदानावर एकत्र येऊन त्याला विरोध केला आणि घर मुंबईतच हवे, अशी मागणी केली. काही लोक म्हणतात, की फुकटात नाही तरी स्वस्तात घर मिळते आहे, ते घ्यावे. त्यांना माझे सांगणे एवढेच आहे, की अर्जदार आज सत्तरी-ऐंशीतले आहेत. त्यांचा डॉक्टर, त्यांचे केईएम रुग्णालय, त्यांची मुले आणि त्यांच्या सुनांची कामे इथे आहेत. कर्जत लोकलच्या गर्दीत चढून केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात नंबर लावायला ते सकाळी कितीला निघणार?

प्रतिसाद: परळ पूर्व

घरांविषयी आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातील काही गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तिथे तरी कामगारांचा वाटा आधी आखून घ्यावा आणि मग उरलेल्याचा विचार व्हावा, या मागणीवर माझी सही समजावी. मी आधी लिहिलेले मागे घेत नाही, पण नोकऱ्या आल्या हे घरे न देण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

प्रतिसाद: बदलीचा वारस

माझे काका आयुष्यभर बदली कामगार होते. १ जानेवारी १९८२ रोजी पटावर असल्याचा पुरावा लागतो, असे आम्हांला सांगण्यात आले. त्यांच्याकडे कायम तिकीट नव्हते, गिरणी पाडली गेली आहे आणि कचेरीचे दप्तर कुठे आहे, हे कुणी सांगत नाही. अशा वेळी काय करावे?

उपप्रतिसाद: लालबागकर

फक्त तिकिटावर अडून राहू नका. हजेरी पास, लाल पास, पगाराची पावती, ईएसआयचा क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक किंवा उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) आदेश, यांपैकी जे सापडेल ते गोळा करा. बदली कामगारांच्या बाबतीत ईएसआय आणि निधीच्या नोंदी विशेष उपयोगी पडतात, कारण त्या गिरणीबाहेरच्या कार्यालयांत ठेवल्या जात असत आणि गिरणीबरोबर पाडल्या गेल्या नाहीत. काकांचे नाव तेव्हा कसे लिहिले जात असे, वडिलांच्या नावासह की गावाच्या आडनावाने, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारून घ्या, कारण नावातल्या फरकावरून अर्ज अडकून पडतात. गावाकडच्या घरी जुनी ट्रंक असेल, तर तीही उघडून पाहा. आमच्या चाळीतल्या दोघांना निधीची जुनी पावती गावच्या घरीच मिळाली होती. कागद हाती आले की संघर्ष समितीच्या कार्यकर्त्यांना प्रती दाखवा, मूळ कागद कुणाकडेही सोपवू नका, आणि इथे कळवा, म्हणजे पुढचे पाऊल मिळून ठरवता येईल.